कोंड्याचा कर्ण: नामार्थाच्या मोहाविषयी

आदिवासी साहित्याची चर्चा मराठीत आता रूढ झाली आहे. परंतु या चर्चेत एखाद्या विशेषनामाशी गाठ पडली, की आपला समीक्षक समीक्षक राहत नाही. तो तत्काळ व्युत्पत्तिकार होतो. नाव गोंडी असो वा माडिया, प्रथम त्याचा धातू शोधायचा. तो संस्कृतात सापडला की नावाचा ‘खरा’ अर्थ लागला असे मानायचे. आणि त्या अर्थावरून ते नाव धारण करणाऱ्या समाजाचा धर्म, दर्जा आणि इतिहास ठरवून मोकळे व्हायचे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रदेशातील नावांच्या बाबतीत ही पद्धती केवळ अपुरी नाही. ज्या संहितांत ही नावे वावरतात त्या संहितांनाच ती खोटे पाडते, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

यातला विरोधाभास असा की ज्या शास्त्रपरंपरेचा दाखला ही मंडळी देतात, त्या परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी, आणि अधिक सावधपणे, हाताळलेला आहे. सर्व नामे धातूपासून निघाली असे शाकटायनाचे मत यास्काने नोंदविले, आणि त्याबरोबर गार्ग्याचा आक्षेपही नोंदविला. वाट आक्रमितो म्हणून घोड्याला अश्व म्हणायचे, तर वाट आक्रमिणाऱ्या प्रत्येकाला अश्व का म्हणू नये, हा तो आक्षेप. यास्क स्वतः शाकटायनाच्या बाजूचा होता, हे खरे. परंतु पुढे वैयाकरणांनी ‘डित्थ’ यासारख्या यदृच्छाशब्दांचा स्वतंत्र वर्ग मानला. आणि मीमांसकांनी ‘रथकार’ या शब्दाचा विचार करताना योगापेक्षा रूढी बलवान ठरविली. रथ करणारा तो रथकार नव्हे. लोक ज्या समूहाला त्या नावाने ओळखतात तो समूह म्हणजे रथकार. शब्दाचा अवयवार्थ आणि त्याचा व्यवहार यांत विरोध आला, तर व्यवहाराकडे कौल द्यावा, हे आपल्याच शास्त्राचे सांगणे आहे. गोंडी नावापाशी आले की नेमके हेच आपण विसरतो.

लिंगोचे उदाहरण घ्यावे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाच्या तोंडून टिपून घेतलेले लिंगोचे गीत त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. ‘लिंगो’ म्हणजे ‘लिंग’, सबब हा शिवाचाच एक आविष्कार, असा अन्वय लावण्यास कोशापलीकडे काहीच वाचावे लागत नाही. गीत मात्र वाचावे लागते. त्या गीतात लिंगो फुलातून जन्मतो. गोंडांना गुहेत कोंडतो तो महादेव. आणि त्यांना बाहेर काढतो तो लिंगो. म्हणजे संहितेच्या रचनेत लिंगो आणि महादेव एका बाजूला नाहीत, समोरासमोर आहेत. व्युत्पत्तीने त्यांना एक केले, की गीतातला संघर्षच नाहीसा होतो आणि उरते ती एक शैव आख्यायिका. गीतात शैव संस्कार मिसळलेले नाहीत असे नाही. परधान हा अनेक परंपरांच्या सीमेवर गाणारा गायक आहे. पण मिसळण कोठे आहे आणि विरोध कोठे आहे, हे संहिता सांगेल; धातू सांगणार नाही. जेम्स फॉर्सिथने 1871 मध्ये हेच गीत लाँगफेलोच्या ‘हायवाथा’च्या छंदात इंग्रजीत उतरविले. त्याने छंद परका केला. आपण अर्थ परका करतो.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल मेजर लूसी स्मिथ यांनी 1869 मध्ये सिद्ध केला. त्यातील गोंड राजांच्या यादीची कालगणना विश्वसनीय नाही, पण नावे लक्षणीय आहेत: भीम बल्लाळ सिंग, खांडक्या बल्लाळ शाह, हीर शाह, बाबाजी बल्लाळ शाह. या मालिकेत बाबाजीच्या आधी एक राजा येतो, त्याला दोन नावे आहेत: कोंड्या शाह आणि कर्ण शाह. याच राजाच्या काळी राजघराण्याचा हिंदू देवालयांशी संबंध दृढ झाला, असे परंपरा सांगते.

‘कोंड्या हे कर्णाचे अपभ्रष्ट रूप’ असे म्हणण्याचा मोह येथे होतो. ध्वनीच्या नियमांनी कर्णाचा कान होतो. कोंड्या होत नाही. मग कोंड्याचा अर्थ काय? तेलुगूत कोंड म्हणजे डोंगर. गोंडीत कोंदा म्हणजे बैल. मराठीत कोंडा म्हणजे धान्याचा भुसा. आणि मूल जगावे म्हणून त्याला धोंडू, दगडू, केरू अशी हीन नावे ठेवण्याची आपली रीत लक्षात घेतली, तर तीही वाट बंद नाही. 1673 मध्ये पन्हाळा घेणारा कोंडाजी फर्जंद मराठी मुलखातलाच. तीन भाषा, तीन धातू, आणि नाव एकच. यांपैकी कोणता धातू ‘खरा’ हे नाव स्वतः सांगत नाही; आणि सांगितले असते तरी राजाविषयी आपल्याला काही कळले नसते. कळण्यासारखे जे आहे ते दोन नावांमधल्या अंतरात आहे. एकाच माणसाला कोंड्या म्हणणारे कोण आणि कर्ण म्हणणारे कोण? पहिले नाव भाषांच्या सरहद्दीवर सामान्यांच्या तोंडी फिरणारे. दुसरे महाभारतातले, देवळाच्या आणि दरबाराच्या कामाचे. लेव्ही-स्त्रोस यांनी 1962 मध्ये असे प्रतिपादन केले, की नाव ठेवणारा दुसऱ्याचे तरी वर्गीकरण करतो किंवा स्वतःचे तरी. ‘कर्ण’ या नावाने राजाचे वर्गीकरण झाले तसेच ते नाव उच्चारणाऱ्यांचेही झाले. तो इतिहास आहे. ‘कोंड्या म्हणजेच कर्ण’ हे समीकरण मांडणारा समीक्षक हा इतिहास वाचत नाही. तो पुन्हा एकदा घडवून आणतो.

ही गोष्ट आपल्यापुरतीच आहे असेही नाही. ब्रिटनच्या प्राचीन ब्रिथॉनिक परंपरेतले ‘आर्थर’ हे नाव अस्वलवाचक केल्टिक शब्दापासून आले, की ‘आर्टोरियस’ या रोमन कुलनामापासून, हा वाद अद्याप मिटलेला नाही. तो मिटला नाही म्हणून त्या नावाचा अर्थ कोणाचा अडला नाही. 1485 मध्ये रणांगणात गादी मिळविलेल्या सातव्या हेन्रीने आपले कूळ प्राचीन ब्रिटिश राजांशी जोडले, आणि पुढच्याच वर्षी विंचेस्टर येथे जन्मलेल्या थोरल्या मुलाचे नाव आर्थर ठेवले. तेथे त्या नावाचा अर्थ ‘अस्वल’ नव्हता. ‘ही गादी आमचीच’ हा होता. तो राजपुत्र 1502 मध्ये, गादीवर येण्यापूर्वीच वारला, हा भाग वेगळा. कर्ण शाह आणि आर्थर ट्यूडर यांना एकत्र वाचण्यासाठी धातुपाठ लागत नाही. राजसत्ता नाव कशासाठी वापरते याची जाण लागते.

आता उलट बाजू. संस्कृतीकरणाच्या या दीर्घ अन्यायाला उत्तर म्हणून गोंडी व्युत्पत्तीचा एक प्रतिपक्ष उभा राहिला आहे. मोतीरावण कंगाली (1949–2015) यांनी गोंडी भाषा, धर्म आणि लिपी यांसाठी आयुष्य वेचले, त्याविषयी आदर बाळगूनच हे म्हटले पाहिजे की सिंधू मुद्रांचे गोंडीतून वाचन करण्यापर्यंत जेव्हा हा पक्ष पोचतो, तेव्हा तो प्रतिपक्षाचेच हत्यार उचलतो. धातू बदलला, धातूवरची श्रद्धा तीच राहिली. या श्रद्धेची मर्यादा दाखविण्यास एक नाव पुरेसे आहे: बाबूराव. मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाके यांनी 1858 मध्ये इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, आणि त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. ‘बाबूराव’ या नावात गोंडी धातू शोधून सापडणार नाही. असे नाव महाराष्ट्राच्या कोणत्याही गावात आढळेल. तरीही या दोन जिल्ह्यांत ते उच्चारताच काय जागे होते, हे त्या तुरुंगातील पिंपळापाशी 21 ऑक्टोबरला जमणाऱ्यांना विचारावे. नाव परके असले तरी त्याचा व्यवहार गोंडी आहे. येथे संस्कृत पक्ष मुका होतो आणि गोंडी पक्षही.

हा केवळ सिद्धान्ताचा वाद असता तर त्यासाठी इतकी शाई खर्ची घालण्याचे कारण नव्हते. भामरागड-एटापल्लीच्या बाजूला माडिया मूल शाळेत येते तेव्हा दाखलखारीज रजिस्टरात त्याचे जे नाव लिहिले जाते, ते घरी हाक मारण्याचेच असते असे नाही. लिहिणाऱ्याच्या कानाला जे ‘शुद्ध’ वाटले ते तेथे उतरते. हीच नोंद पुढे आयुष्यभर पुरते. जमातीच्या दाखल्याची पडताळणी होते तेव्हा बापाच्या आणि आजाच्या अशाच जुन्या नोंदी समोर ठेवाव्या लागतात, आणि तेथे अक्षराचा फरकही जड जाऊ शकतो. रजिस्टर लिहिणारा कारकून आणि नामार्थ सांगणारा समीक्षक यांच्यात फरक इतकाच, की कारकुनाला आपण काय करतो आहोत याचा सिद्धान्त मांडावा लागत नाही. ‘नावाचा खरा अर्थ’ या कल्पनेने त्या लेखणीला शास्त्राचा आधार पुरविला आहे. म्हणून ती कल्पना सोडली पाहिजे.

तिच्या जागी काय हवे, हेही सांगितले पाहिजे. गडचिरोलीला 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तेथील पदव्युत्तर अभ्यासकाने नावांचा कोश करावयास घेतला, तर त्यात प्रत्येक नावापुढे धातू देण्याआधी चार गोष्टी द्याव्यात: हे नाव कोणी ठेवले, कोण कोणत्या प्रसंगी त्या नावाने हाक मारतो, कोणत्या गीतात वा कथेत ते येते, आणि कागदावर ते कोणी, कोणत्या रूपात उतरविले. एवढे झाल्यावर धातूची चर्चा खुशाल व्हावी. तिची जागा तळटीपेत आहे. तोपर्यंत कोंड्याचा उल्लेख करताना मराठी समीक्षकाने निदान इतके पथ्य पाळावे: कोंड्याला कोंड्या लिहावे, आणि कर्ण लिहावयाचे झाल्यास ते नाव कोणाच्या तोंडचे आहे, हे त्याच वाक्यात सांगावे.