दिव्यांगांचा अर्ज ही याचना नव्हे. त्याची तयारी विहारात व्हावी

दिव्यांगांच्या अनुदानासाठी अर्ज करा म्हटले, की आपल्या वस्त्यांमधून अजूनही ऐकू येते, "सरकारपुढे हात कशाला पसरायचा? नशिबाचे भोग आहेत." नशीब आणि भोग यांची भाषा आपण १९५६ साली नागभूमीवर सोडून आलो. राहिला हात पसरण्याचा प्रश्न. बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत नागरिकाला साहाय्य मिळण्याची तरतूद राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार करावी, असे संविधानाचे कलम ४१ सांगते. त्यामुळे तहसीलच्या खिडकीपुढे उभा राहणारा दिव्यांग माणूस भीक मागत नाही, तो आपल्या हक्काची मांडणी करतो. पण मांडणीला कागद लागतात, आणि आपण मागे पडतो ते तिथेच.

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ किंवा वसमत, तालुका कोणताही असो, क्रम एकच आहे. आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, मग अनुदान. प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा असतो. त्यानंतर सरकारी रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. प्रमाणपत्र हाती आले की तहसील कार्यालयातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या शाखेकडे अर्ज करावा. या योजनेत दिव्यांगांना पूर्वी महिन्याला १,५०० रुपये मिळत; ऑक्टोबर २०२५ पासून ही रक्कम २,५०० रुपये झाली आहे. एसटीच्या भाड्यातील सवलतही याच कागदावर मिळते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. तिचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो.

तपासणीला जाताना जुने केसपेपर, एक्स-रे, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि कानाची किंवा डोळ्यांची तपासणी झाली असल्यास तिचे अहवाल तारखेनुसार लावून न्यावेत. मानसिक आजारात उपचाराचे जुने कागद फार महत्त्वाचे ठरतात, ते टाकून देऊ नयेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही त्यांत येतात. विदर्भातील आपल्या समाजात सिकलसेल आढळतो, आणि हिंगोलीची सोयरीक वाशीम, यवतमाळशी आहेच. म्हणून ज्यांच्या घरी सिकलसेलचा रुग्ण आहे त्यांनी रक्ततपासणीचा अहवाल जपून ठेवावा.

आपल्या माणसांची आणखी एक सवय आहे. डॉक्टरांनी विचारले की मान खाली घालून "बरं आहे" म्हणायचे. तिथे लाजू नये. जिना चढता येतो का, अंघोळीला कुणाची मदत लागते का, महिन्यातून किती दिवस काम बुडते, हे घरीच लिहून न्यावे आणि आहे तसे सांगावे. वाढवूनही सांगू नये. खोट्या प्रमाणपत्राने लाभ घेणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय बोगस माणसांमुळे खऱ्या दिव्यांगाकडे संशयाने पाहिले जाते.

तहसीलच्या अर्जात अडचण येते ती नावाची. आधारवर सासरचे नाव, बँकेच्या पुस्तकावर माहेरचे, शिधापत्रिकेवर तिसरेच. अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते, त्यामुळे नाव आणि जन्मतारीख आधी जुळवून घ्यावी. उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला वेळेत काढावा. अर्ज दिल्यावर तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. नामंजूर झाल्यास कारण लेखी मागावे. प्रमाणपत्राबाबतच्या निर्णयावर अपील करण्याची तरतूदही कायद्यात आहे.

हे सारे एकट्या कुटुंबावर सोडणे आम्हाला मान्य नाही. वसमतच्या टोकाच्या गावातून हिंगोलीला जायचे म्हणजे दिव्यांगाबरोबर आणखी एकाची मजुरी बुडते. एक कागद कमी पडला की दुसरी खेप, आणि दुसऱ्या खेपेला माणूस दलालाच्या हाती सापडतो. जयंतीला आपण रुग्णालयात फळवाटप करतो, फोटो निघतात. त्याच कार्यकर्त्यांनी वर्षातून चार दिवस दिव्यांगांसोबत रुग्णालयात आणि तहसीलमध्ये घालवले, तर गावातल्या किती घरांत दरमहा हक्काचे पैसे येतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

वर्षावासात तीन महिने विहारात ग्रंथवाचनाला आपण जमतोच. त्यातला आठवड्याचा एक दिवस वाचनानंतर कागद तपासण्यासाठी ठेवावा. शिकलेल्या मुला-मुलींनी अर्ज भरावेत, महिला मंडळाने घरोघरी जाऊन दिव्यांगांची यादी करावी, आणि ज्यांना विहारापर्यंत येता येत नाही त्यांच्या दारी जावे. अनुदान सुरू झाल्यावर दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्याची आठवणही याच यादीवरून करून द्यावी. करुणा हा शब्द आपण रोज वंदनेच्या वेळी ऐकतो. दिव्यांगाच्या घरी तो शब्द व्यवस्थित लावलेल्या कागदांच्या रूपाने पोहोचला पाहिजे.