वाग्मी आणि वाचाळ

वक्तृत्व स्पर्धेत सलग सात मिनिटे न अडखळता बोलणाऱ्या मुलाला टाळ्या मिळतात. दूरचित्रवाणीवरील चर्चेत समोरच्याला वाक्य पुरे करू न देणाराही ‘फर्डा वक्ता’ ठरतो. बोलण्याचा ओघ आणि आवाजाची पट्टी यांवरून वाणीचे मोल ठरविण्याची सवयच समाजाला जडली आहे. आपल्या शब्दपरंपरेने मात्र हा निवाडा फार पूर्वीच वेगळा केला आहे.

‘वाच्’ या एकाच शब्दापासून दोन कुळे निघाली. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायातील दुसऱ्या पादात, 124 व्या सूत्रात ‘वाग्मी’ हा शब्द सिद्ध केला, तर लगेच पुढच्या सूत्रात ‘वाचाल’ आणि ‘वाचाट’. मराठीतील ‘वाचाळ’ तो हाच. या सूत्रात पाणिनीने ‘बहुभाषी’ शब्द योजला आहे. आज त्याचा अर्थ अनेक भाषा जाणणारा असा होतो. तेथे मात्र तो फार बोलणारा एवढाच आहे.

मग फार बोलणारा प्रत्येक जण वाचाळ काय? वार्तिकाने खुलासा केला की, हे प्रत्यय निंदेच्या अर्थीच लावावेत. काशिकावृत्तीने तर स्पष्टच सांगितले की, जो पुष्कळ पण योग्य बोलतो, तो वाग्मीच होय. म्हणजे दोष शब्दसंख्येचा नाही, विवेकाच्या अभावाचा आहे.

या विवेकाचे प्रात्यक्षिक वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात आहे. ऋष्यमूक परिसरात हनुमंताशी पहिली भेट होताच श्रीराम लक्ष्मणाजवळ त्याच्या वाणीची प्रशंसा करतात. इतके बोलूनही एक अपशब्द नाही. विनाकारण विस्तार नाही, संदिग्धता नाही. घाई नाही, रेंगाळणे नाही. स्वर मध्यम आणि मुखावर विकाराची छटाही नाही! व्याकरणाचा सखोल अभ्यास असल्याविना असे बोलणे शक्य नाही, हे श्रीरामांनी ओळखले. ज्या रामाला बालकांडाच्या आरंभीच नारदांनी ‘वाग्मी’ म्हटले, त्याने दिलेली ही पावती आहे.

वाग्मिता अशी अध्ययनातून आणि संयमातून येते. पाठांतराने येतो तो केवळ ओघ. स्पर्धेहून परतलेल्या मुलाला ‘किती वेळ बोललास?’ असे विचारण्याऐवजी ‘काय वाचून बोललास? दुसऱ्यांचे किती ऐकलेस?’ असे घराघरांत विचारले जाईल, तेव्हाच वाचाळांच्या गर्दीतून वाग्मी घडू लागतील.