यकृतातील गाठ : सुई टोचण्यापूर्वी

पोटाच्या सोनोग्राफीत यकृतात पाण्याची गाठ दिसली, की घरच्यांच्या तोंडी पहिले शब्द येतात, ‘एकदाची काढून टाका.’ वाचकहो, ही घाई आवरावी. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. मात्र काही ‘हायडॅटिड’ निघतात. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका फीतकृमीच्या अळीची ती पिशवी असते. कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून माती, पाणी व भाजीपाला यांवाटे आपल्या पोटात जातात आणि गाठ वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढत राहते.

पूर्वतयारीविना तीत सुई खुपसल्यास आतील द्रव पोटात सांडून तीव्र ॲलर्जीने प्राणावर बेतू शकते. शिवाय नव्या गाठीही रुजू शकतात. म्हणून आधी निदान हवे. सोनोग्राफीतील रूपावरून गाठीची अवस्था ठरवण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००३ मध्ये मांडली. रक्ततपासणी साहाय्यक ठरते. पण ती नकारात्मक आली म्हणजे रोग नाहीच, असे नव्हे. अवस्थेनुसार अल्बेंडाझोल, सुईद्वारे उपचार किंवा शस्त्रक्रिया यांतून निवड होते. निष्क्रिय गाठीला बहुधा नियमित देखरेख पुरते. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर दिलेले औषध मध्येच सोडू नये.

घरी कुत्रा असल्यास, शेळ्या-मेंढ्यांशी संबंध आला असल्यास, डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. कुत्र्याला कच्चे काळीज-फुप्फुस घालू नये, पशुवैद्यांच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे. आणि हात धुतल्यावाचून घास घेऊ नये.