पाडव्याच्या दिवशीची बातमी

२०१२ सालचा दिवाळीचा पाडवा १४ नोव्हेंबरला होता. आपल्याकडे घरोघरी बायका नवऱ्यांना ओवाळत होत्या, त्याच दिवशी ‘आयरिश टाइम्स’मध्ये प्रवीण हलप्पनवर यांनी सांगितलेली हकिकत छापून आली. त्यांची पत्नी सविता २८ ऑक्टोबरला आयर्लंडमधल्या गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात जंतुसंसर्गाने गेली होती. बेळगावची लेक, दंतवैद्य, वय ३१. लग्नाला चार वर्षं झालेली, पोटात १७ आठवड्यांचं पहिलं मूल. गॉलवेतल्या भारतीय मुलांचे दिवाळीचे नाच ती बसवून घ्यायची. त्या वर्षी तिथल्या मंडळींनी दिवाळी केलीच नाही.

परदेशातल्या तरुण संसाराला मागेपुढे कोणी नसतं. रात्री उशाशी बसणारी आई, धावपळ करणारा भाऊ, डॉक्टरांना खडसावून विचारणारा काका, हे सगळं एकट्या नवऱ्यालाच व्हावं लागतं. सविताचे आईवडील तिच्याकडे राहून नेमके तेव्हाच परतत होते. ती रुग्णालयात असताना प्रवीणना सासूसासऱ्यांना डब्लिनच्या विमानतळावर पोचवावं लागलं. गर्भ वाचणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मग गर्भपात करा, अशी विनवणी झाली. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर नाही, असं उत्तर मिळालं. आयर्लंडच्या राज्यघटनेत १९८३च्या आठव्या दुरुस्तीने गर्भाच्या जगण्याचा हक्क आईच्या बरोबरीचा केला होता. भारतात १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे. तिथून आलेल्या मुलीला एका परिचारिकेने सांगितलं, की हा कॅथलिक देश आहे.

आमच्या मते या लग्नाची खरी कसोटी त्यानंतर लागली. पत्नीचं पार्थिव बेळगावला आणलेल्या चौतिशीच्या तरुणाला आपला समाज काय सांगतो, ते आपण जाणतो: झालं ते झालं, पुढचं आयुष्य पडलंय. प्रवीण यांनी तसं केलं नाही. गर्भपाताच्या मागणीची नोंदच सविताच्या कागदपत्रांत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. पहिल्या सरकारी चौकशी समितीत त्याच रुग्णालयाचे तीन डॉक्टर होते. त्यांना वगळल्यावरही प्रवीण जाहीर चौकशीच मागत राहिले. अखेर एप्रिल २०१३ मध्ये मृत्यूच्या चौकशीत डॉक्टरांनी शपथेवर कबूल केलं, की मागणी झाली होती. परिचारिकेनेही ‘कॅथलिक देश’ हे वाक्य आपलंच असल्याचं मान्य केलं. पहिल्या दिवशीच्या रक्ततपासणीतली धोक्याची खूण वेळेवर कोणी पाहिलीच नव्हती, हेही तिथेच उघड झालं. बायकोचं म्हणणं खरं होतं, हे परक्या देशात, तिच्यामागे, एकट्याने सिद्ध करून दाखवणं याहून मोठी निष्ठा आम्हांला ठाऊक नाही.

मुलामुलींना परदेशी पाठवताना आपण पगार, घर, व्हिसा सगळं विचारतो. आजारपणात तिथला कायदा आपल्या लेकीच्या बाजूने उभा राहील का, हे विचारत नाही. ते विचारायला हवं, म्हणून सणाच्या अंकाची सुरुवात आम्ही या जोडप्यापासून करतो आहोत.

२५ मे २०१८ला ६६.४ टक्के आयरिश मतदारांनी ती आठवी दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. सविताच्या वडिलांनी बेळगावातून त्यांना तसं आवाहन केलं होतं. गर्भपाताच्या नव्या कायद्याला लेकीचं नाव द्यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते दिलं गेलं नाही. द्यायला हवं होतं.