धंद्यात राजकारण नको म्हणता, मग दुकानाची वेळ कोण ठरवतं?



"दादा, तुम्ही धंद्याचं शिकवा, राजकारण कशाला मध्ये आणता?" दुकानाच्या वेळांवर व्हिडिओ केला की ही कमेंट हमखास येते. सांगणारे आपलेच लोक आहेत, चांगल्या मनाने सांगतात. काउंटरवर बसून गिऱ्हाइकाशी पक्षावरून वाद घालू नये, हे मीही प्रत्येक बॅचला सांगतो. कमळवाला असो, घड्याळवाला असो, धनुष्यबाणवाला असो, सगळ्यांच्याच मुलांना वह्या लागतात.

पण मला एक सांगा. मार्च २०२० नंतरच्या दीड वर्षात तुमचं दुकान किती दिवस बंद राहिलं, किती वाजता उघडलं, शनिवार-रविवारचा गल्ला आला की नाही, हे कोणी ठरवलं? समोरच्या दुकानदाराने? ऑनलाइनवाल्याने? नाही. मंत्रालयातून एक आदेश निघाला, मग त्यात महापालिका आयुक्तांनी किंवा कलेक्टरांनी आपलं काही जोडलं, आणि तुमचं शटर वर की खाली हे ठरलं. तुमच्या नफा-तोट्यातली सगळ्यात मोठी ओळ जर तिथे लिहिली जात असेल, तर तो कागद वाचणं हेसुद्धा धंद्याचंच काम आहे. आजचा विषय एवढाच.

माझं उदाहरण घ्या. चिंचवडला माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, शाळेपासून जवळ. आमचा सीझन पाडव्यापासून सुरू होतो आणि जूनच्या मध्यापर्यंत वर्षाची निम्मी कमाई होऊन जाते. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. आदल्या रात्री ८ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि १२ वाजता देश बंद झाला. चार तास मिळाले. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला, तेव्हा आमची दुकानं आठवडाभर आधीच बंद झाली होती. दोन पाडवे ओळीने गेले. शाळेचं नाव छापलेल्या वह्या होलसेलर परत घेत नाही. त्या अजून पोटमाळ्यावर आहेत.

आता "अत्यावश्यक" हा शब्द बघा. २०२० च्या मार्चपर्यंत आपण कोणी तो शब्द रोजच्या बोलण्यात वापरत नव्हतो. नंतर तो आपल्या पोटाचा मालक झाला. किराणा, दूध, भाजी, औषध अत्यावश्यक, हे बरोबरच आहे. पण यादी करणाऱ्याने एक दिवस जरी आमच्यासारख्याच्या काउंटरवर काढला असता, तर यादी वेगळी झाली असती.

मे २०२० आठवा. श्रमिक रेल्वे सुरू झाल्या होत्या. भोसरी, चाकणच्या कारखान्यांमधले यूपी-बिहारचे कामगार घरी जायला निघाले होते. त्यांना फॉर्म भरायचा होता, आधारची कॉपी जोडायची होती, सुरुवातीला डॉक्टरचं सर्टिफिकेटही लागायचं. सरकार कागद मागत होतं आणि कागद काढून देणारं दुकान बंद होतं! आमच्या शेजारच्या किराणावाल्याकडे लोक येऊन विचारायचे, भैया, झेरॉक्स कहाँ होगा? शेवटी मी छोटा प्रिंटर घरी नेला आणि सोसायटीच्या गेटवर जमेल तेवढ्या कॉपी काढून दिल्या.

वर्षभराने, एप्रिल २०२१ च्या पहिल्या पंधरवड्यात, तेच. या वेळी प्रसंग जास्त कठीण होता. रेमडेसिवीरसाठी लोक मेडिकलच्या रांगेत तासन् तास उभे. सोबत डॉक्टरची चिठ्ठी, रिपोर्ट, आधार, सगळ्याच्या कॉप्या. आत पेशंट, बाहेर नातेवाईक, आणि हातात एकच मूळ चिठ्ठी. मला रात्री साडेअकराला फोन आलेत, "दादा, फक्त दोन झेरॉक्स." सांगा, झेरॉक्स अत्यावश्यक आहे की नाही? हे मी माझ्या धंद्याचं कौतुक म्हणून सांगत नाही. मोबाईल रिपेअरवाल्याला विचारा, तो सांगेल की ऑनलाइन शाळेत घरात एकच फोन आणि त्याचा डिस्प्ले फुटलेला, म्हणजे दोन मुलांची शाळा बंद. प्रत्येक दुकानाकडे अशी एक गोष्ट आहे. ती यादी करणाऱ्यापर्यंत पोहोचली नाही, कारण आपण ती पोहोचवली नाही.

आपण काय करत होतो? आमच्या बाजारपेठेचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, दोनशेच्या वर मेंबर. २२ मार्चच्या थाळ्या वाजवण्यावरून त्यात दोन गट पडले. ५ एप्रिलच्या दिव्यांवरून भांडण झालं, तिघं ग्रुप सोडून गेले. पुढे केंद्र विरुद्ध राज्य, लस कोणामुळे आली आणि कोणामुळे कमी पडली, हे वर्षभर चाललं. माझं म्हणणं असं आहे की ज्याला थाळी वाजवायची त्याने वाजवावी, ज्याला नाही त्याने वाजवू नये. पण त्या दोनशे जणांत आदेशाची पीडीएफ उघडून शेवटपर्यंत वाचणारे मी दहासुद्धा पाहिले नाहीत.

त्याची किंमत ४ एप्रिल २०२१ ला कळली. रविवार होता. बातम्या आल्या, शनिवार-रविवार कडक लॉकडाऊन, बाकी दिवस रात्रीची संचारबंदी. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, पाच दिवस तरी दुकान चालेल. आदेश हातात आला तेव्हा कळलं की अत्यावश्यक सोडून बाकी दुकानं ३० एप्रिलपर्यंत सगळेच दिवस बंद. काही जणांनी तोवर पाडव्याच्या मालाचे पैसे होलसेलरला पाठवून दिले होते. मग राज्यभर व्यापारी रस्त्यावर आले. पण रस्त्यावर येण्याच्या आधीची पायरी आपल्याकडे नव्हतीच.

आणि त्याच महिन्यात पंढरपूरच्या पोटनिवडणुकीच्या सभा होत होत्या, बंगालमध्ये आठ टप्प्यांचं मतदान चाललं होतं, हरिद्वारला कुंभ भरला होता. माझ्या दुकानात एका वेळी चार माणसं चालत नव्हती. यात कुठला एक पक्ष सुटतो असं मला दिसत नाही.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे तुमचं म्हणणं लॉकडाऊनच नको होता का? अजिबात नाही. आमच्या लाइनीतला एक टेलर दुसऱ्या लाटेत गेला. वय ४६. ऑक्सिजन बेडसाठी त्याच्या भावाने सहा हॉस्पिटलं फिरवली. त्याचं शटर अजून बंद आहे, आत लोकांचे शिवायला दिलेले कपडे तसेच आहेत. रोग खोटा होता म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याला त्या शटरपाशी नेतो. बंद करायची वेळ येते तेव्हा बंद करावंच लागतं. प्रश्न बंद कसं करायचं आणि त्याचा भार कोणी किती उचलायचा, हा आहे. आणि भार कोणी उचलायचा हेच तर राजकारण.

आता जरा पैशाचं बोलू, ते आपलं क्षेत्र आहे.

मोरेटोरियम आठवतोय ना? मार्च ते ऑगस्ट २०२०, सहा महिने हप्ता भरायची सक्ती नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी त्याचा अर्थ "माफ" असा घेतला. समजा तुमच्यावर ५ लाखांचं कर्ज आहे, व्याज १२ टक्के. महिन्याचं व्याज ५,०००. सहा महिन्यांचं सरळ व्याज ३०,०००. न भरलेल्या व्याजावर व्याज धरलं तर ३०,७६०. सुप्रीम कोर्टात जे प्रकरण गाजलं, ज्याच्या बातम्या महिनोन् महिने चालल्या, ते या उदाहरणात वरच्या ७६० रुपयांचं होतं. २ कोटींपर्यंतच्या कर्जांना सरकारने तो फरक दिला, पुढे मार्च २०२१ मध्ये कोर्टाने चक्रवाढ घ्यायची नाही असं सर्वांसाठीच सांगितलं. चांगलं झालं. पण मूळचे ३०,००० तुमचेच राहिले. चर्चा ७६० ची झाली आणि ओझं ३०,००० चं उचललं.

दुसरं, तीन लाख कोटींची विनातारण कर्जाची योजना. त्यात २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्याकडे जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के मिळणार होते. म्हणजे वरच्या उदाहरणात १ लाख. आणि ज्याने आयुष्यभर अंथरूण पाहून पाय पसरले, कर्जच काढलं नाही, त्याच्या शून्याचे २० टक्के किती? शून्य. आमच्याकडचे जुने भांडीवाले काका आहेत, बँकेचं एक रुपया देणं नाही. ते मला विचारतात, "मी सरळ राहिलो ही चूक झाली का?" याचं उत्तर माझ्याकडे नाही, कुठल्या कोर्समध्येही नाही.

तिसरं. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. परवानाधारक रिक्षावाले, नोंदणी असलेले फेरीवाले, बांधकाम कामगार यांना प्रत्येकी १,५००. त्यांना मिळाले ते योग्यच, आणखी मिळायला हवे होते. पण लहान दुकानदार त्यात कुठेच नव्हता. आपण गरीब नाही म्हणून मदत नाही, आणि आपण उद्योगही नाही. २०१७ मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापार लघुउद्योगांच्या नोंदणीतून बाहेर काढला होता, तो २ जुलै २०२१ ला परत घेतला, तोही बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. चार वर्षं आपण कोणत्या रकान्यात आहोत हेच ठरलेलं नव्हतं, आणि आपल्यातल्या बहुतेकांना ते माहीतसुद्धा नव्हतं. उद्यम नोंदणी फुकट आहे, ती आज करून टाका.

मला स्वतःला १,५०० नको होते. मला हवं होतं ते वेगळंच. बंद करण्याआधी निदान तीन दिवसांची सूचना. बंद काळातला विजेचा स्थिर आकार पुढे ढकलायच्या ऐवजी माफ. दुकान बंद असताना व्यावसायिक दराने मिळकत कर का, याचं उत्तर. आणि पगाराबद्दल स्पष्टता. २९ मार्च २०२० ला केंद्राने आदेश काढला की बंद काळात कामगारांना पूर्ण पगार द्या. माझ्याकडे एकच मुलगा कामाला, मी दिला. गाळ्याचं भाडं २२,०००. मालक निवृत्त माणूस, त्याचं घर त्या भाड्यावर चालतं, त्याला तरी काय म्हणणार? दोघांनी बसून निम्म्यावर तोड काढली. दीड वर्षात सगळ्यात शहाणा निर्णय मला त्या चहाच्या कपावर झालेला दिसला, आणि तो कोणत्याही आदेशात नव्हता.

बोलून काही होत नाही असं वाटत असेल तर एप्रिल २०२० बघा. २० तारखेपासून ई-कॉमर्सवाल्यांना मोबाईल, टीव्ही, कपडे सगळं विकायची मुभा मिळणार होती, आणि आपली दुकानं बंदच. व्यापाऱ्यांनी एका आवाजात विरोध केला. १९ तारखेला, एक दिवस आधी, केंद्राने ती मुभा मागे घेतली. मुद्दा एकच होता, कागदावरच्या एका ओळीचा होता, आणि त्यात कोणाचा पक्ष आडवा आला नाही. आमच्या पुण्या-पिंपरीतही ४ वाजताची वेळ ऑगस्ट २०२१ मध्ये व्यापाऱ्यांच्या रेट्यानेच हलली.

आता आणखी एक विषय. १५ ऑगस्ट २०२१ पासून दुकानांना रात्री १० पर्यंत मुभा मिळाली. अट अशी होती की कर्मचाऱ्यांचे दोन्ही डोस झालेले हवेत आणि वर १४ दिवस. ऐकायला रास्त होती. माझ्याकडचा मुलगा तेव्हा २४ वर्षांचा. मे महिन्यात त्याच्या वयाच्या गटाचं लसीकरण लस नाही म्हणून राज्यात थांबलं होतं. त्याला पहिला कोविशिल्ड २५ जूनला मिळाला. दुसरा ८४ दिवसांआधी देत नव्हते, म्हणजे १७ सप्टेंबर. वर १४ दिवस, म्हणजे १ ऑक्टोबर. गणपती १० सप्टेंबरला होते. ज्याने एक दिवसही उशीर केला नाही, तो सणाच्या सीझनला नियमात बसतच नव्हता! दुकानात तो आणि मी दोघंच. हे गणित मांडायला बीबीए लागत नाही, बोटं पुरतात. आदेश काढण्याआधी कोणी एखाद्या दुकानदाराला बोलावलं असतं, तर त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं.

महापालिकेची मुदत २०२२ च्या सुरुवातीला संपली. निवडणूक आली की सगळे इच्छुक तुमच्या दुकानात येतील, हात जोडतील, फोटो काढतील, दिवाळीला उटणं वाटतील. उटणं घ्या. पण काउंटरखाली एक कागद तयार ठेवा. त्यावर तुमचं दुकान त्या दीड वर्षात किती दिवस बंद होतं, त्या काळात भाडं, वीज, कर, पगार मिळून किती गेले, आणि तुमच्या धंद्याअभावी लोकांची कोणती अडचण झाली, एवढं लिहा. आलेल्या प्रत्येकाला एक झेरॉक्स द्या, पक्ष कोणताही असो. पुन्हा अशी वेळ आली तर तुमच्या दुकानाचं काय करणार हे विचारा आणि तो काय म्हणतो ते तारीख टाकून त्याच कागदावर लिहून ठेवा.

मी आमच्या लाइनीत हे सुरू केलंय. झेरॉक्स माझ्याकडून फुकट. ३१ दुकानं आहेत, आतापर्यंत अकरा जणांनी कागद भरून दिलेत. भांडीवाल्या काकांचा सगळ्यात आधी आला, पाठपोट लिहिलेला. बाकीचे म्हणतात, गणपती होऊ दे.