पहिला तास भगताकडे नको

नरपडच्या वाडीत पोराला पान लागले, की अजूनही काही घरांत आधी भगत, मग गाडीची शोधाशोध आणि शेवटी डहाणूचा दवाखाना. हा क्रम उलटा झाला पाहिजे.

साप मूल बघून विष कमी सोडत नाही. अंग लहान, म्हणून तेच विष जास्त भिनते. म्हणूनच सर्पदंशाची लस मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लागते. विंचवावर प्राझोसिनची साधी गोळी चालते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. पण तीही वेळेत मिळाली तर!

तेव्हा पालकहो, दोरी आवळू नका, जखम कापू नका. पाय हलू न देता १०८ लावा. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे.

गाडी येईपर्यंत थांबणे परवडत नसेल तर? गावातल्या वाहनवाल्यांचे नंबर ग्रामपंचायतीने अंगणवाडीच्या भिंतीवर लिहावेत. आरोग्य केंद्रात लस आणि गोळ्या शिल्लक आहेत का, हे ग्रामसेवकांनी पावसाळ्याआधी विचारून ग्रामसभेत सांगावे. खर्च एका रंगाच्या डब्याचा, वाचेल तो पोराचा जीव.