वीज रात्रीची, डॉक्टर दिवसाचा!

आमच्या गांवीं शेतीच्या पंपाची वीज एका आठवड्यास दिवसां येते, तर दुसऱ्या आठवड्यास रात्रीं. हें वेळापत्रक वरून ठरून येतें. अंधारांत बांधावर काय वळवळतें हें ठरविणारास कधीं पाहावें लागत नाहीं. गेल्या आश्विनांत अशाच एका रात्रीं कपाशीला पाणी देत असतां, आमच्या शाळेंत पांचवींत शिकणाऱ्या एका मुलीच्या बापास घोणस चावली. त्या घरानें मांत्रिक बोलाविला नाहीं, जखम चिरली नाहीं, देवाला कौल लावला नाहीं. कारण त्या पोरीनें सांगितलें, ‘गुरुजींनी शिकवलंय, साप चावला की तडक दवाखान्यात न्यायचं.’ मोटारसायकलवर दोघांच्या मध्यें बसवून त्यास दोन कोसांवरील सरकारी आरोग्य केंद्रांत नेलें. इमारत नवी, रंग ताजा आणि दाराला कुलूप! डॉक्टर तालुक्याला राहतात. शिपायानें तालुक्याचा रस्ता दाखविला, तालुक्यानें जिल्ह्याचा दाखविला, आणि जिल्ह्याच्या रस्त्यावरच त्या कष्टकऱ्यानें प्राण सोडला.

दिवस झाल्यावर मुलगी शाळेंत आली. रडली नाहीं. मधल्या सुटींत जवळ येऊन तिनें एवढेंच विचारलें, ‘गुरुजी, आता साप चावला तर कुठं जायचं?’

आम्हीं वीस वर्षांहून अधिक काळ खडू झिजविला, पण ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्या कोणत्याहि पुस्तकांत सांपडलें नाहीं. मांत्रिकाकडे जाऊं नका हें शिकविणें आमचें काम, तें आम्हीं केलें. मांत्रिकाकडून सुटलेल्या माणसासाठीं दवाखान्याचें दार उघडें ठेवणें हें सरकारचें काम. तें सरकारनें केलें काय?

काय करावें हें सरकारास ठाऊक नाहीं, असें कोणीं म्हणूं नये. १९४६ सालीं भोर समितीनें लिहून ठेवलें कीं, पैसे देण्याची ऐपत नाहीं एवढ्यासाठीं कोणीहि उपचारास मुकतां कामा नये. खेड्यापाड्यांतून प्राथमिक आरोग्य केंद्रें काढण्याची योजनाहि त्याच समितीनें मांडली. पुढें नियम झाले. सपाट मुलखांत तीस हजार वस्तीस व डोंगरी-आदिवासी मुलखांत वीस हजार वस्तीस एक केंद्र. पांच हजारांस, डोंगरांत तीन हजारांस, एक उपकेंद्र. सर्पदंशावरील लस प्राथमिक केंद्राच्या आवश्यक औषधांच्या यादींत आहे. २००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलें, आणि केंद्रें रात्रंदिवस चालावींत असें त्यांत ठरलें. कागदाला कांहीं कमी नाहीं. कमी आहे ती कागदाला पाय फोडणाऱ्या पैशाची आणि तो पैसा योग्य जागीं टाकण्याच्या इच्छेची.

पैशाचा हिशेब घेऊं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांत सरकारनें स्वतःच लिहिलें कीं, २०२५ पर्यंत देशाच्या एकूण उत्पन्नाच्या शंभर रुपयांतील अडीच रुपये सरकारें आरोग्यावर खर्च करतील. २०२१-२२ चा सरकारी हिशेब पाहा. करोनाच्या सांथीनें डोळे उघडल्यानंतरचें तें वर्ष, तरी आंकडा १ रुपया ८४ पैसे! आणि त्याच वर्षीं देशांत आरोग्यावर जो एकूण खर्च झाला, त्यांतील दर शंभर रुपयांमागें ३९ रुपये रोग्यानें स्वतःच्या खिशांतून मोजले. हा आंकडा पूर्वीं याहूनहि मोठा होता, तो उतरला हें आम्ही प्रांजळपणें कबूल करतों. पण शेतकऱ्याचा खिसा म्हणजे काय? त्याचा खिसा म्हणजे बैलजोडी, बायकोचें डोरलें, नाहीं तर सावकाराचा दरवाजा.

यावर कोणी शहाणे म्हणतील, ‘फुकट तें किती द्यावयाचें?’ फुकट? खताच्या पोत्यावर कर, डिझेलवर कर, साबणाच्या वडीवर कर. सुतार रंधा विकत घेतो, चांभार आरी विकत घेतो, तेव्हां आधीं सरकारचा वाटा देतो. हा पैसा आमचाच आहे. आमच्या विहिरींतलें पाणी आम्हांलाच ओंजळीनें पाजून वर उपकाराची पाटी लावूं नये.

सरकार म्हणेल, ‘आम्हीं विम्याचें कार्ड दिलें आहे.’ दिलें आहे खरें. २०१२ सालीं निघालेल्या राज्याच्या योजनेस २०१७ सालीं महात्मा जोतिराव फुले यांचें नांव दिलें, आणि २०२३ सालीं कुटुंबामागें पांच लाखांपर्यंत उपचाराचें वचन दिलें. हृदयाची, मूत्रपिंडाची मोठीं दुखणीं त्यांतून बरीं झालीं आहेत. तें आम्ही नाकारीत नाहीं. पण हें कार्ड चालतें तीं मोठालीं रुग्णालयें बहुतेक शहरांत. सापाचें विष शहर येईपर्यंत थांबत नाहीं, आणि अडलेल्या बाळंतिणीचा रक्तस्राव कार्ड दाखविल्यानें आटत नाहीं. शिखराला सोन्याचा कळस आणि पायऱ्यांना दगड नाहीं, अशा देवळांत म्हातारी जाणार कशी? ज्यांचें नांव ह्या योजनेला दिलें त्यांच्या घराण्याचा कित्ता तरी पाहा. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई व त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनीं पुण्याजवळ माळावर दवाखाना उघडला, आणि रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाईंनीं १० मार्च रोजीं देह ठेवला. त्या रोग्यापर्यंत स्वतः चालत गेल्या. त्यांचें नांव मिरविणाऱ्यांनीं रोग्याला सत्तर मैल चालवूं नये.

दुसरा आक्षेप असा कीं, खेड्यांतल्या केंद्रांतून कांहीं होत नाहीं. तेथें पैसा ओतणें म्हणजे वाळूंत पाणी. हें खोटें आहे. जालना जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या पोटीं जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या सरकारी केंद्रांत आले. कोंकणांत लाल विंचू चावून धडधाकट माणसें आणि लेकरें दगावत. डॉक्टर रोग्याच्या उशाशीं बसून राहिले, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन नांवाची साधी गोळी त्यावर चालते हें त्यांनीं जगाला दाखविलें. पूर्वीं गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा चाळीसांच्या घरांत मरत, ते प्रमाण एकावर आलें. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांतील बायांना शिकवून घरोघर नवजात बाळांची निगा राखविली. १९९९ सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हां तेथील नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनीं घटलेले दिसले. यांत मोठी यंत्रें नव्हतीं. दारापर्यंत पोंचणारें माणूस होतें, आणि त्याच्या हातांत औषध होतें.

म्हणून आम्ही सगळें खापर डॉक्टरच्या डोक्यावर फोडीत नाहीं. मुक्कामीं राहा म्हणावें, तर राहण्याचें घर गळतें. एकटा माणूस किती रात्रीं जागेल? दोन डॉक्टरांच्या जागा भरा, परिचारिका नेमा, घर नीट बांधा, मग मुक्कामीं न राहणारास जाब विचारा. आणि आशाताईंचें काय? २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यांचा गौरव केला, आणि २०२३ सालीं महाराष्ट्रांत त्याच बायांना मोबदल्यासाठीं संप करावा लागला. जगानें शाल पांघरावी आणि घरच्यांनीं जेवूं घालूं नये, अशी ही गत!

आतां चार शब्द आपल्या माणसांस. शेतकरी व कारागीर बंधूंनो, आपणहि निर्दोष नाहीं. उमेदवार गांवांत आला म्हणजे आपण काय मागतों? देवळापुढें सभामंडप, वेशींत उंच दिवा, जत्रेला वर्गणी. डॉक्टर कोणीं मागितला? सभामंडपांत बसून आपण साप चावलेल्याची वाट पाहणार काय? जें मागितलें तें मिळालें. न मागितलेलें कोण देणार?

तेव्हां मागा. ग्रामसभेंत उभे राहा आणि ठराव लिहून घ्या: केंद्रांत किती जागा मंजूर, किती भरल्या, सर्पदंशाच्या लसीच्या किती कुप्या शिल्लक, रात्रीं मुक्कामीं कोण. गांवच्या आरोग्य समितीला अभियानांतून वर्षाला दहा हजारांपर्यंत निधी ठरलेला आहे, तो कोठें गेला हें विचारा. उत्तर न मिळाल्यास दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. लिहितां येत नसेल तर आमच्या शाळेंत या, आम्ही लिहून देऊं. हें नवल नव्हे. २००७ पासून पुणें, ठाणें, नंदुरबार, अमरावती व उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांत गांवकऱ्यांनीं जनसुनवाईंत अधिकाऱ्यांना समोर बसवून असेच प्रश्न विचारले आहेत. बायकांना पुढें बसवा. बाळंतपण त्यांचें असतें, म्हणून त्यांचे प्रश्न चुकत नाहींत.

आणि सरकारास एवढेंच: नव्या इमारतीची कोनशिला बसविण्यापूर्वीं जुन्या इमारतीचें कुलूप काढा. रात्रीची वीज देतां, तर रात्रीचा डॉक्टरहि द्या.

ती मुलगी आतां सहावींत आहे. तिचा प्रश्न आम्हीं फळ्यावर लिहून ठेवला आहे. उत्तर येईपर्यंत आम्ही तो पुसणार नाहीं.